उपाशी गोंदण

प्रयागबाईच्या उजव्या हातावर जेवढं गोंदण होतं तेवढं अख्ख्या गावात कोणाच्या अंगावर नव्हतं, आणि ही गोष्ट ती कोणाला विसरू देत नसे. मनगटाजवळ तुळस, तुळशीच्या वर सीतेची न्हाणी, बाजूला पाळणा, कोपराच्या अलीकडे विंचू, आणि मधे जिथे जिथे जागा उरली तिथे पाच-पाच ठिपके, पाच पांडव म्हणून. सत्तरी ओलांडली, कातडी सैल पडली, तुळशीची पानं एकमेकांत मिसळून गेली, तरी लग्नाकार्यात ही बाई चोळीची बाही वर सरकवूनच बसायची. एखादीनं नवा गोफ दाखवला की हिचा हात पुढे. "सोनं काय बाई, पोरं मढ्यावरून काढून घेतात. वर संगं येते थे हेच."

वर गेल्यावर देव विचारतो, काय आणलं? तेव्हा हात दाखवायचा. जिच्या हातावर काहीच नाही तिला देव तापल्या लोखंडी सब्बलीनं गोंदतो, अशी तिची पक्की समजूत होती. हातावर विंचू असला की विंचू डसत नाही, हीसुद्धा तेवढीच पक्की. तिला स्वतःला दोनदा डसला होता. त्यावर तिचं म्हणणं असं की ते विंचू वावराच्या धुऱ्यावरचे, बांधावरचे होते आणि अंधारात त्यांना गोंदण दिसलं नाही. अशा बाईशी वाद कोण घालणार?

मानोऱ्यापासून आठ किलोमीटरवरचं हे गाव. प्रयागबाई तिथल्या मोठ्या शेतकऱ्याच्या घरची सून, मग सासू, आता आजी. नवरा जगदेव गेला त्याला दहा वर्षं झाली. मुलगा लखन शेती पाहतो, आणि लखनची मुलगी रूपाली रोज एसटीनं कारंज्याला कॉलेजात जाते. तिच्या सरांनी वर्गाला काम दिलं होतं: आपापल्या गावातल्या म्हाताऱ्या बायांचं गोंदण मोबाइलवर टिपा, कोणत्या नक्षीचा काय अर्थ ते त्यांच्याच तोंडून घ्या, आणि सोमवारी सगळ्यांपुढे दाखवा. रूपालीला लांब जायची गरजच नव्हती. आजीला सांगितलं तर आजी नवी साडी नेसून, केस विंचरून ओसरीवर येऊन बसली.

एकेक नक्षी बोटानं दाखवत तिनं सगळं सांगितलं. तुळस म्हणजे घराचं पावित्र्य. सीतेची न्हाणी म्हणजे बाईच्या जातीचं सत्त्व. पाळणा कशासाठी ते सांगायची गरज नाही. मग गडी रंगात आला.

"सुया टोचनं तं कोनीही करते," ती मोबाइलकडे पाहून म्हणाली. "खरं गोंदन शाईत राह्यते. तुपाच्या दिव्याचं काजळ, अन् त्याच्यात पयलटकरनीचं दूध. पयला पोरगाच पायजे. ज्याचं त्याचं दूध चालत नाही. माह्या सासूनं आत्यासासूचं दूध आनलं होतं, आमच्याच रक्तातलं. म्हून पाय, पंचावन-साठ वर्सं होत आले, रंग हालला नाही. आमचं सोवळं गोंदन हाय. लिही तसं."

"अजून काही, आजी?"

"जिचं दूध तिच्या घरी एक डाव जेवा लागते. नाही तं गोंदन उपाशी राह्यते, अन् उपाशी गोंदन घेऊन वर जाता येत नाही. मी जेवली होती आत्यासासूच्या घरी. पुरनपोळी होती."

रूपालीनं मोबाइल बंद केला. काम फत्ते झालं असं दोघींनाही वाटलं.

पुढचे दोन दिवस रूपाली गावभर हिंडली. शनिवारी दुपारी ती ओसरीवर बसून मोबाइलमधले तुकडे जोडत होती आणि प्रयागबाई बाजूला सुपात तुरी निवडत होती. एकामागून एक म्हाताऱ्या बोलत होत्या. त्यातला एक आवाज आला आणि प्रयागबाईनं मान वर केली. तो आवाज दुर्गाबाईचा होता. बुद्धविहारामागच्या वस्तीतली दुर्गाबाई. भिवाजीची बायको. तीस वर्षं तिनं प्रयागबाईच्या वावरात निंदण केलं, कापूस वेचला. आता तिचा मुलगा प्रसेनजित मंगरूळपीरला मास्तर आहे आणि ती घरी बसून असते.

"मी नाही गोंदलं बाई," मोबाइलमधून दुर्गाबाई हसत म्हणाली. "आमच्या सासऱ्यानं छप्पन सालीच समदे देव नदीत सोडले, मंग गोंदन कायचं? पन गोंदनाले दूध देलं हाय मी."

"दूध?" हा रूपालीचा आवाज.

"हो. प्रसेनजित एकोनीस दिवसाचा होता. पोहऱ्याची जत्रा सरली, अन् कमलीबाई गोंदनारी गावात आली. तिले दूध पायजे पयलटकरनीचं, पोराच्या मायचं. त्या चैतात गावात तशी मीच एक. एका मोठ्या घरची म्हातारी आली भरदुपारची, मांगच्या दारानं. करवंटी घेऊन आली. वाटी नाही बरं, करवंटी. म्हने, दुर्गे, पिळ एवढ्यात, अन् कोनाले सांगजो नको. मले तं पोरापुरतंच दूध येत नोतं. पोरगं रडून राह्यलं होतं. पन म्हतलं, नव्या नवरीचं काम हाय, नाही कायले म्हना. देलं."

"कोणाच्या घरची म्हातारी, आजी?"

मोबाइलमधून दुर्गाबाईनं कोंबड्या हाकलल्याचा आवाज आला.

"गेली थे. गेलेल्या मानसाचं नाव कायले काढा? तुह्या कामाले नाव थोडंच लागते."

रूपालीनं तुकडा थांबवला. "किती छान बोलते न दुर्गाआजी? कोणाच्या घरचं असेल गं?"

 सूप तसंच ठेवून प्रयागबाई उठली आणि आत गेली. उन्हानं डोळे दुखतात, एवढंच म्हणाली.

रूपालीला कळलं नाही ते तिला पुरतं कळलं होतं. त्या चैत्रात गावात गोंदण एकाच नवरीचं झालं होतं. ती नवरी म्हणजे पंधरा वर्षांची प्रयागबाई. सासू सोजरबाईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की गोंदल्याशिवाय सुनेच्या हातचं पाणी पिणार नाही. मग पोहऱ्याच्या जत्रेवरून कमलीबाई आली, दोऱ्यानं बांधलेल्या तीन सुया घेऊन. दोघी बायांनी हिला धरलं होतं. रडून रडून हिचे डोळे सुजले होते, तरी त्या सुजल्या डोळ्यांनी तिनं पाहिलं होतं की शाई करवंटीत कालवली जात होती आणि करवंटीवर पळसाचं पान झाकलेलं होतं. काम झाल्यावर सोजरबाईनं ती करवंटी हातात धरली नाही, काठीनं ढकलत उकिरड्यावर नेली. आत्यासासूचं दूध काठीनं का ढकलायचं, हा प्रश्न त्या वेळी पडायला हवा होता. शिवाय आत्यासासूचा मुलगा त्या चैत्रात भिंत धरून चालत होता आणि त्याच्याआधी तिला दोन मुली होत्या. ती पहिलटकरीण कुठून असणार? साधा बोटांवर मोजायचा हिशेब होता. पण जो हिशेब अंगाशी येतो तो माणूस आयुष्यभर मोजायचं टाळतो.

दुसऱ्या दिवशी सोजरबाई त्याच हातचं पाणी घटाघट प्यायली होती. सगळं माहीत असून.

आता लाजेची गोष्ट सांगायची तर ती दोनदा लाजली, आणि पहिल्यांदा लाजली ती चुकीच्या गोष्टीसाठी. मागच्या न्हाणीत जाऊन तिनं हातावर पाणी ओतलं आणि दगडानं हात घासायला लागली. आपण बाटलो, आयुष्यभर बाटलेलो होतो, आणि लोकांपुढे सोवळं मिरवत होतो, असं तिला वाटलं. तुळस लाल झाली, चुरचुरायला लागली. मग हातातला दगड तिला दिसला. पंचावन्न वर्षांपूर्वी मुरलेलं दूध ही बाई दगडानं काढायला निघाली होती! आणि तेव्हा तिला गडवा आठवला. दुसरी लाज ती.

दुष्काळाचं साल होतं. उन्हाळ्यात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटायचं काम चाललं होतं. दुर्गाबाईसोबत तिचं चार वर्षांचं पोरगं होतं. वावरात मजुरांना पाणी द्यायचं काम प्रयागबाईकडे असे. बौद्धवस्तीतल्या बाया ओंजळ करून वाकत आणि ही उंचावरून धार धरत असे, आपला हात त्यांच्या हाताला लागू न देता. त्या दिवशी पोराला ओंजळ जमेना. पाणी सगळं कोपरावरून गळून जायला लागलं, तसं त्यानं दोन्ही हातांनी पितळेचा गडवा धरला आणि तोंडाला लावला. प्रयागबाईनं तो हिसकावून घेतला. त्याच्यासमोर, त्याच्या आईसमोर, चहासाठी पेटवलेल्या तीन दगडांच्या चुलीत टाकला, आणि लाल होऊन शुद्ध होईपर्यंत काडीनं उलथापालथा करत उभी राहिली. दुर्गाबाई म्हणाली, "चुकलं बाई."  पोरगं चुलीकडे पाहत होतं.

ज्याच्या तोंडचं दूध हिच्या हातात, त्याच्या तोंडचं पाणी हिनं त्याच हातानं जाळात टाकलं.  न्हाणीत कोणी नव्हतं तरी तिनं पदर तोंडावर ओढून घेतला. आणि दुर्गीला सगळं माहीत होतं! दर वेळी वाकताना माहीत होतं. कालही माहीत होतं, आणि तरी नातीला नाव सांगितलं नाही.

रात्रभर विचार करून तिनं एक तोड काढली. जिचं दूध तिच्या घरी जेवायचं, असा नेम आहे ना? मग जेवून यायचं. लाज गिळून, एक घास तरी. गोंदणाची भूक भागेल आणि सगळं फिटेल. तिनं पेटीतलं कोरं लुगडं पिशवीत घातलं. आणि निघण्याआधी दोन भाकरी आणि वांग्याची भाजी पोटभर जेवली. का जेवली, हे तेव्हा तिनं स्वतःला विचारलं नाही.

रविवार होता. विहारामागची गल्ली तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पण एवढ्या वर्षांत ती तिथल्या एकाही घरात बसली नव्हती. मजूर बोलवायला यायची ती कोपऱ्यावरूनच हाक मारायची. दुर्गाबाईचं घर आता स्लॅबचं होतं, दारात गुलाबाच्या दोन कुंड्या. प्रसेनजित बाहेर आला. केस पांढरे झालेले, चष्मा लावलेला.

"या काकू, या न. बसा." त्यानं खुर्ची पुढे केली.

दुर्गाबाई बाजेवर बसली होती. जुन्या सवयीनं ती उठायला गेली, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही.

"बस, दुर्गाबाई," प्रयागबाई म्हणाली.

आजवर कायम 'दुर्गे' किंवा 'दुर्गी'. दुर्गाबाई वयानं पाच वर्षांनी मोठी असूनही. दुर्गाबाईनं ते ऐकलं आणि पाय वर घेऊन नीट बसली.

"मी जेवाले आली तुह्या घरी. एक घास दे. काहून, थे तुले माईत हाय."

"पोरीनं ऐकवलं वाट्टे."

"तू मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं तुमी काय हात तोडून फेकला असता?" दुर्गाबाईच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणून ते जास्त लागलं. "वावरात तुमी वरून पानी टाका न, तं मी पान्याकडे पाहोच नाही. तुमच्या हाताकडे पाहो. तुळस लय सुंदर उठली होती. मनात म्हनो, माह्या पोराच्या तोंडचं हाय थे."

प्रयागबाईनं हात पदराखाली घेतला. तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण ती ज्या कामाला आली होती ते व्हायचं होतं.

"मंग दे न वं घास. गोंदन उपाशी हाय तवापासून. असं घेऊन मी वर कशी जाऊ?"



"बाई," दुर्गाबाई म्हणाली, "तुमाले भूक लागली असन तं ताट वाढतो. भाकर हाय, वरन हाय, पोटभर जेवा. पन गोंदनाले भूक लागली म्हून जेवाले आल्या असान, तं थे या घरी चालत नाही. थे समदं आमी नदीत सोडलं. तुमच्या हातासाठी आता माह्यापासून काही नेऊ नोका. एक डाव नेलं थे पुरे."

 आपण माफी मागायला आलो असं प्रयागबाई आपल्या मनाशी समजत होती. आणि आली होती ती पुन्हा करवंटी घेऊनच. सासू मागच्या दारानं आली होती, ही पुढच्या दारानं, एवढाच काय तो फरक.

"सांगा," दुर्गाबाई म्हणाली, "हाय काय भूक?"

आता खोटं बोलता आलं असतं. पण दोन भाकरी पोटात बसल्या होत्या, आणि त्या कशासाठी खाल्ल्या हे तिला आत्ता, या खुर्चीवर, कळलं. या घरचं पोटभर जेवावं लागू नये म्हणून. एका घासावर भागावं म्हणून.

"नाही," ती खाली मान घालून म्हणाली. "जेवून आली."

दुर्गाबाईनं नुसती मान हलवली. जणू तिला तेही माहीत होतं.

तेवढ्यात प्रसेनजित पाणी घेऊन आला. प्रयागबाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि काय झालं तिला कोण जाणे, तिनं दोन्ही हातांची ओंजळ केली आणि त्याच्यापुढे वाकली.

"काकू, ओंजळ कायले?" तो गडबडला. "गिलास हाय न."

तिनं ग्लास घेतला. तोंडाला लावला आणि सगळं पाणी प्यायली. काचेचा ग्लास होता, पाहुण्यांसाठी ठेवतात तसा.

"तुले आठवते काय रे?" तिनं विचारलं. "गडवा?"

प्रसेनजितनं आईकडे पाहिलं. मग चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"आठवते. लालबुंद झाला होता. मले लय दिवस वाटे, मीच काही करून ठेवलं त्या गडव्याले. घरी पानी पेताना मायले इचारो, हा धरू काय?"

"तू काही नोतं केलं, बाबू," प्रयागबाई म्हणाली.

याच्या पुढचं वाक्य ओठांपर्यंत आलं होतं.  पंचावन्न-छप्पन वर्षांचा बाप्या माणूस तिच्यापुढे उभा होता आणि तिला तेवढे दोन शब्द जमले नाहीत. ती उठली. लुगड्याची पिशवी तिनं उघडलीच नव्हती, तशीच काखेत मारून ती बाहेर पडली. येताना तिनं बाही खाली, पार मनगटापर्यंत ओढली होती. विहारापाशी कोणी तरी "रामराम पाटलीनबाई" म्हणालं, तिनं मान वर केली नाही.

घरी रूपाली वाटच पाहत होती. "आजी, बस पटकन. तुझा शेवटचा भाग पुन्हा घ्यावा लागते. ते दुधाचं बोलत होती न तू, तिथं आवाजच नीट आला नाही. उद्या दाखवायचं आहे. वर्गात अर्धी पोरं आपल्याच बाजूची आहेत, संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाच्या मोबाइलवर असशील बघ."

प्रयागबाई ओसरीवर बसली. तेच सांगता आलं असतं, आत्यासासू आणि पुरणपोळी. कोणी विचारायला येणार नव्हतं. विचारणारी एकच होती, आणि तिनं तर नाव गिळून टाकलं होतं.

तिनं बाही वर केली. दगडानं घासलेली तुळस अजून लाल होती.

"हे काय झालं गं हाताला?"

"चालू कर थे," प्रयागबाई म्हणाली. "चालू हाय? आता ऐक. दूध आत्यासासूचं नोतं. मी खोटं सांगतलं. माह्या सासूनं मले खोटं सांगतलं, अन् मी थेच लोकाइले सांगत राह्यली. दूध दुर्गाबाईचं होतं. बुद्धविहारामांगची दुर्गाबाई, भिवाजीची. करवंटीत आनलं होतं. तिच्या पोरापुरतंबी नोतं, तरी तिनं देलं."

रूपालीचा मोबाइल धरलेला हात खाली यायला लागला.

"वर धर," प्रयागबाई म्हणाली. "अजून हाय. थेच पोरगं चार वर्साचं होतं, दुष्काळाचं साल. त्यानं पान्यासाठी गडवा तोंडाले लावला, तं थो गडवा जाळात टाकला. त्याच्यासमोर. थेबी घे त्याच्यात."

"कोणी टाकला, आजी?"

प्रयागबाईनं हात मोबाइलच्या पुढे धरला, तुळस, न्हाणी, पाळणा, विंचू, सगळं दिसेल असा. रूपाली थांबली होती आणि मोबाइल चालू होता.

"मी," ती म्हणाली. "याच हातानं."